वैमानिक व्हायचंय: कोणत्या वाटेने जायचं हे कसं ठरवावं

बारावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, "फी किती?" वैमानिकाच्या प्रशिक्षणाबाबत हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न शरीराचा आहे: वर्ग १ ची (व्यावसायिक वैमानिकाला लागणारी) वैद्यकीय तपासणी पार पडेल का? दुसरा कागदाचा: प्रशिक्षण संपेल तेव्हा हातात नेमका कोणता परवाना, कोणती रेटिंग (परवान्यावरच्या जादा पात्रता) आणि उड्डाणाचे किती तास असतील, आणि ते भारतात जसेच्या तसे चालतील का? या दोन्हींची उत्तरं हातात आल्यावर फीचे आकडे वाचायला घ्यावेत. अर्ध्या किमतीत मिळालेला पण इथे न चालणारा परवाना शेवटी सगळ्यात महाग पडतो.

हे मार्गदर्शन भारतीय एअरलाइनमध्ये ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर (नवा सहवैमानिक) म्हणून लागायचं आहे असं गृहीत धरून लिहिलं आहे.

संस्थेला पैसे देण्याआधीची तीन कामं

पहिलं काम वैद्यकीय. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, परवाना देणारं सरकारी खातं) यादीवरच्या डॉक्टरकडून वर्ग २ ची तपासणी करून घ्यायची. त्यासाठी ईजीसीए या डीजीसीएच्याच ऑनलाइन पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं आणि त्यातून फाइल क्रमांक मिळतो. वर्ग १ ची पायरी त्यानंतरची. बरेच जण वर्ग २ झाल्याबरोबर प्रवेश घेतात आणि वर्ग १ "नंतर बघू" म्हणून सोडून देतात. इथेच लाखो रुपये अडकतात. एअरलाइनला वर्ग १ लागतो आणि व्यावसायिक परवानाही त्याशिवाय हातात पडत नाही. चष्मा असला तरी अडत नाही. रंगांधळेपणा मात्र अडवतो. ठिपक्यांच्या पाटीवरचे आकडे वाचताना चुकलात तर पुढच्या चाचण्या लागतात, आणि त्यांचा निकाल आधी कुणीच सांगू शकत नाही. डोळ्यांची शस्त्रक्रिया, दमा, फिट येणं, कानाचा पडदा, मानसोपचाराची औषधं यांपैकी काहीही असेल तर लपवू नका. जुने कागद घेऊन जा. काही वेळा "तात्पुरते अपात्र" असा शेरा येतो. ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा तपासणी होते आणि बरेच जण तेव्हा पास होतात. म्हणून प्रवेशाच्या तारखेच्या किमान सहा महिने आधी हे काम सुरू करावं.

दुसरं काम बारावीच्या विषयांचं. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय लागतात. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेले बरेच जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एवढे दोनच विषय देतात, आणि ती सरळ, मान्य वाट आहे. यानंतर डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर संगणक क्रमांक (परीक्षार्थी म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक) काढायचा. त्यासाठी गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी व्हावी लागते. नावाच्या स्पेलिंगमध्ये दहावी, बारावी, आधार आणि पासपोर्ट यांत एका अक्षराचा फरक असेल तरी तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. परवान्याच्या अर्जापर्यंत तोच फरक तुमचा पाठलाग करतो.

तिसरं काम सगळे टाळतात ते: डीजीसीएचे निदान दोन लेखी पेपर आधी पास व्हा. एअर नेव्हिगेशन, मीटिओरॉलॉजी, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल जनरल हे चार, शिवाय ज्या विमानावर उडणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला प्रत्येकात ७० टक्के लागतात. वर्षातून चार नियमित सत्रं होतात. नेव्हिगेशन सर्वांत जास्त जणांना पाडतं, कारण तिथे पाठांतर चालत नाही. वाऱ्याचा त्रिकोण, वेळेची गणितं, नकाशाचे प्रक्षेप हे हाताला सवय होईपर्यंत सोडवावे लागतात. हे पेपर दोन प्रयत्नांत निघाले, तर पुढचा अभ्यास झेपेल की नाही याचा अंदाज काही हजार रुपयांत मिळतो. पन्नास लाख भरून तोच अंदाज घेणं हा महागडा मार्ग झाला. शिवाय पेपर झालेला विद्यार्थी संस्थेत गेला की थेट उडायला लागतो. पेपर न झालेला विद्यार्थी वसतिगृहाचं भाडं भरत अभ्यास करत बसतो.

शेवटी हातात काय असायला हवं

वाट कोणतीही असो, शेवटचा मुक्काम एकच. डीजीसीएच्या व्यावसायिक परवान्यासाठी (सीपीएल) वय किमान १८ आणि विमानावरचे किमान २०० तास लागतात. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना. त्यात २० तास क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून लांबच्या दुसऱ्याकडे), आणि त्यातली एक फेरी ३०० सागरी मैलांची, दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेली. १० तास इन्स्ट्रुमेंट उड्डाण (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर), त्यातले पाचपेक्षा जास्त सिम्युलेटरवर चालत नाहीत. रात्रीचे ५ तास, त्यात पायलट-इन-कमांड म्हणून १० उड्डाणं आणि १० लँडिंग.

एअरलाइनसाठी याच्यावर दोन-इंजिनी विमानाचं रेटिंग आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी पायलट-इन-कमांड म्हणून ५० तास क्रॉस कंट्री आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट वेळ लागते, त्यातली २० तासांपर्यंत सिम्युलेटरवर चालते. भारतात प्रचलित साचा १८५ तास एक-इंजिनी आणि १५ तास दोन-इंजिनी असा आहे. याच्या जोडीला रेडिओचा परवाना आणि इंग्रजी प्रावीण्याची किमान चौथी पातळी.

वरचे दोन परिच्छेद कागदावर उतरवून घ्या आणि ज्या संस्थेशी बोलाल तिला ओळीओळीने विचारा: यातलं काय तुमच्या फीमध्ये आहे, काय नाही? "सीपीएल पॅकेज" म्हणून सांगितलेल्या रकमेत दोन-इंजिनी तास नसणं, सिम्युलेटरचे तास वेगळे असणं, चाचणीचं शुल्क वेगळं असणं हे नेहमीचं आहे.

पहिली वाट: भारतातली फ्लाइंग स्कूल

दोन-इंजिनी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग धरून साधारण ४५ ते ६० लाख. परवाना थेट डीजीसीएचा मिळतो, परदेशी परवाना भारतीय करून घेण्याची, म्हणजे रूपांतराची, भानगड राहत नाही, आणि इथलं हवामान, इथलं रेडिओवरचं बोलणं, इथले नियम अंगवळणी पडतात. ही या वाटेची ताकद. कमजोरी एकच: वेळ. दीड वर्ष सांगतात आणि तीन वर्षं लागतात.

उत्तर प्रदेशात फुरसतगंजला असलेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी केंद्र सरकारची. तिथे प्रवेश परीक्षा, अभिरुची चाचणी आणि मुलाखत असते, नुसते पैसे भरून आत जाता येत नाही. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिर्सी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, सीएई ही प्रशिक्षण कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या भागीदारीतली. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं नाव जुहूशी जोडलेलं असलं तरी त्यांचं प्रशिक्षण उड्डाण धुळ्यात चालतं. मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा कुठली? शिरपूर, बारामती, नागपूर इथेही प्रशिक्षण चालतं. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याचं जाहीर केलं.

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. नागपूर फ्लाइंग क्लबमधल्या व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च उचलणारी योजना या संस्थेने राबवली आहे. जागा फार थोड्या असतात आणि अर्जाची मुदत छोटी. म्हणून जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि वैद्यकीय कागद आधीच तयार हवेत.

संस्था निवडताना इमारत, गणवेश, कॅन्टीन बघू नका. हँगर बघा आणि हे गणित करा.

समजा संस्थेच्या माहितीपत्रकात १० विमानं आहेत. हँगरमध्ये जाऊन मोजलीत तर उडण्याच्या अवस्थेत ६ निघतात. बाकीची कुठे इंजिनाची वाट बघतायत, कुठे प्रोपेलरची. एक विमान दिवसाला सरासरी ५ तास उडतं असं धरा, म्हणजे ३० तास. महिन्यात उडण्याजोगे दिवस २२ धरले तर ६६० तास. आता विद्यार्थी किती? ८० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला सव्वाआठ तास. या वेगाने २०० तासांना २४ महिने. त्यात जून ते सप्टेंबर खालचे ढग आणि पाऊस. हे चार महिने निम्म्यावर धरले तर वर्षाला साडेब्याऐंशी तास होतात आणि एकूण वेळ जातो २९ महिन्यांवर. हेच ६ विमानांमागे ४० विद्यार्थी असते तर पावसाळा धरूनही सव्वा वर्षात काम झालं असतं. विमानांचा आकडा विद्यार्थ्यांच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

विमानं जमिनीवर का बसतात हेही कळायला हवं. दर ५० आणि १०० तासांनी ठरलेली तपासणी असते. लायकमिंगची पिस्टन इंजिनं साधारण २,००० तासांवर पूर्ण उघडावी लागतात. एकाच वेळी घेतलेली विमानं एकाच वेळी त्या आकड्यापाशी येतात. तांत्रिक विभागातल्या माणसाला सहज विचारा: "पुढच्या सहा महिन्यांत किती इंजिनं ओव्हरहॉलला जाणार?" उत्तर लगेच आलं तर ती संस्था नियोजन करते. दुसरी गोष्ट इंधनाची. सेस्ना १७२ सारख्या विमानांची नेहमीची इंजिनं ॲव्हगॅसवर (विमानांसाठीच्या खास पेट्रोलवर) चालतात. ते मिळायला कठीण आणि महाग, आणि पुरवठा थांबला की सगळा ताफा थांबतो. डायमंड डीए४० च्या डिझेल आवृत्त्या जेट इंधनावर चालतात. प्रत्यक्ष शिकण्यात फार फरक पडत नाही, पण इंधन कुठून येतं आणि साठा किती दिवसांचा असतो हे विचारण्यासारखं आहे.

प्रशिक्षकही मोजा. मुख्य प्रशिक्षक सोडून गेला की मंजुऱ्या आणि सह्या अडतात. गेल्या दोन वर्षांत तो किती वेळा बदलला हे तिथल्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा, कार्यालयात नको. त्यांनाच आणखी एक विचारा: "गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?" पाच-सहा जणांच्या उत्तरांची सरासरी माहितीपत्रकापेक्षा खरी.

डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची वर्गवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे. सुरक्षा, कामगिरी, नियमपालन आणि विद्यार्थ्यांना मिळणारी मदत असे निकष त्यात आहेत. ती जरूर बघा, पण वरच्या गणिताला तो पर्याय नाही.

टॉवर नसलेल्या धावपट्टीवर सगळं प्रशिक्षण झालं तर एक उणीव राहते. नियंत्रकाशी बोलण्याची, रांगेत थांबण्याची, मोठ्या विमानांमागून उतरण्याची सवय होत नाही. अशा संस्थेत क्रॉस कंट्रीचे तास नियंत्रित विमानतळांकडे वळवले जातात का, हे विचारून घ्या.

दुसरी वाट: परदेशात तास, भारतात रूपांतर

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. हवामान चांगलं, विमानं भरपूर, १० ते १४ महिन्यांत तास पूर्ण. राहण्याखाण्यासह ४५ ते ६५ लाख, आणि परत आल्यावर रूपांतराचे पाच-आठ लाख वेगळे. वेळ वाचतो हे खरं, पण त्यातला काही रूपांतरात परत जातो.

अमेरिकेचं उदाहरण जवळून बघू, कारण तिथल्या चुका ठरलेल्या आहेत. आधी संस्थेकडून आय-२० हा प्रवेशाचा कागद, मग व्हिसा (बहुतेक व्यावसायिक शाळांसाठी एम-१), मग तिथल्या सुरक्षा यंत्रणेची परकीय विद्यार्थ्यांसाठीची मंजुरी, आणि अमेरिकेची वेगळी वैद्यकीय तपासणी. एम-१ वर कमाईचा भरवसा धरू नका. अमेरिकी नियमांत व्यावसायिक परवान्यासाठी भाग ६१ खाली २५० तास, तर मान्यताप्राप्त भाग १४१ अभ्यासक्रमात १९० तास लागतात. १९० तासांत परवाना घेऊन आलेल्याला भारतासाठी दहा तास कमी पडतात, हे विमानात बसण्याआधी कळलं पाहिजे. ज्या देशांत एकसंध अभ्यासक्रम १५० तासांचा असतो तिथेही तीच गोष्ट.

मोठा खड्डा लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत आहे. अमेरिकेत खासगी परवाना मिळाला की शेजारी प्रशिक्षक बसलेला असतानाही, नियंत्रण तुमच्या हातात असेल तर ती वेळ पायलट-इन-कमांड म्हणून नोंदवता येते. त्याच रकान्याच्या शेजारी "ड्युअल" (प्रशिक्षकासह) मध्येही तीच वेळ पडते. दोन मित्र मिळून उडतात, उपकरणांवर उडण्याच्या सरावासाठी एकाने डोळ्यांवर झाकण घातलेलं, दुसरा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट, आणि दोघेही तास आपापल्या नावावर कमांडचे म्हणून लिहितात. तिकडे हे नियमात बसतं. डीजीसीएकडे नाही. समजा लॉगबुकात कमांडचे १३० तास दिसतात, पण त्यातले ४० तास ड्युअलच्या रकान्यातही आहेत. भारताच्या मोजमापात उरले ९०. दहा तास कमी, आणि ते तास आता इथल्या दराने इथल्याच धावपट्टीवर भरून काढायचे. उपाय सोपा आहे. पहिल्या दिवसापासून वेगळी वही किंवा स्प्रेडशीट ठेवा, आणि त्यात "एकट्याने" हा रकाना भारताच्या व्याख्येनेच भरा.

अशाच आणखी दोन जागा. ३०० मैलांच्या फेरीत टच-अँड-गो (टेकून, न थांबता पुन्हा उडणं) चालत नाही. लॉगबुकच्या शेऱ्यात दोन्ही ठिकाणी पूर्ण थांबून उतरल्याचा उल्लेख हवा. आणि रात्रीची दहा उड्डाणं-लँडिंग कमांडमध्ये हवीत. काही शाळा विम्याच्या कारणाने विद्यार्थ्याला रात्री एकटं सोडत नाहीत, तिथे हे राहून जातं. करार करण्याआधी हे ईमेलवर विचारा, फोनवर नको.

परत आल्यावर: डीजीसीएचे पेपर (परदेशी परवानाधारकांसाठी नेव्हिगेशन-मीटिओरॉलॉजीचा एकत्रित पेपर आणि एअर रेग्युलेशन), रेडिओ परवान्याची परीक्षा, भारतीय वर्ग १ वैद्यकीय, परवाना देणाऱ्या देशाकडून त्याच्या खरेपणाची पडताळणी, आणि उड्डाण चाचण्या. चाचण्यांत दिवसाची आणि रात्रीची सामान्य उड्डाण चाचणी, दिवसा २५० आणि रात्री १२० सागरी मैलांची क्रॉस कंट्री आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी असते. पडताळणीच्या पत्राची विनंती तिकडून निघण्याआधीच करून ठेवा. अनेकांचे महिने त्या एका पत्राच्या वाटेत जातात, आणि तोवर पुढचं सगळं काम लांबत राहतं.

रेडिओच्या तोंडी परीक्षेत अमेरिकेहून आलेले हमखास अडखळतात. तिकडे अल्टिमीटर इंचांत, २९.९२. इथे हेक्टोपास्कलमध्ये, १०१३. तिकडची सैलसर बोली इथल्या परीक्षकासमोर चालत नाही. नकाशावर दिलेला मार्ग, त्यावरची उंची बदलण्याची विनंती, इंजिन बिघाडाचा संदेश हे सगळं ठरलेल्या शब्दांत म्हणायचं असतं. शक्य असेल तर रेडिओची परीक्षा आणि डीजीसीएचे पेपर जाण्याआधीच उरकून जा. तिकडून आल्यावर थकवा आणि कर्जाचा हप्ता दोन्ही डोक्यावर असतात.

तिसरी वाट: एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम

इंडिगो, एअर इंडियासारख्या कंपन्या भागीदार प्रशिक्षण संस्थांबरोबर हे चालवतात. निवड आधी होते: लेखी, संगणकावरची अभिरुची चाचणी, गटकार्य, मुलाखत. मग परवान्याचं प्रशिक्षण (बहुधा परदेशात), रूपांतर, आणि शेवटी कंपनीच्या विमानाचं टाइप रेटिंग (तेच विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता). एकूण साधारण दोन वर्षं, आणि खर्च एक कोटीच्या आसपास किंवा त्याच्या वर.

महाग आहे, पण महाग कशामुळे हे वेगळं काढून बघा. टाइप रेटिंगचे १५ ते २५ लाख यात धरलेले असतात, ते वजा केल्यावरच इतर वाटांशी तुलना करा. उरलेल्या जादा पैशांत तुम्ही दोन गोष्टी विकत घेता. एक, वेळापत्रक: मोठ्या ग्राहकाचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला विमान आधी मिळतं. दोन, रांगेतली जागा. ही जागा म्हणजे नोकरी नव्हे. हातात येतं ते सशर्त पत्र: सर्व टप्पे ठरलेल्या दर्जाने पार केले आणि त्या वेळी कंपनीला गरज असेल तर. विमानांची डिलिव्हरी रखडली, इंजिनं जमिनीवर बसली की तयार कॅडेट महिनोन्‌महिने घरी बसतात. म्हणून करारात बघायचं ते एवढं: प्रतीक्षेच्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि वैद्यकीय चालू ठेवण्याचा खर्च कोणाचा, एखाद्या टप्प्यावर नापास झाल्यास पुन्हा संधी किती आणि कोणत्या दराने, बाहेर काढल्यास उरलेली रक्कम परत मिळते का, आणि नोकरी लागल्यावर बाँड (नोकरी न सोडण्याची हमी) किती वर्षांचा.

ज्यांच्या घरी पैसा आहे पण पाठपुरावा करायला वेळ किंवा माहितगार माणूस नाही, त्यांना ही वाट बरी. फ्लॅट गहाण टाकूनच ही रक्कम उभी राहणार असेल तर आम्ही पहिली वाट सुचवू, वेळ जास्त गेला तरी. कर्ज दुप्पट असेल तर वाट बघण्याची ताकद निम्मी होते, आणि या धंद्यात वाट बघावी लागतेच.

चौथी वाट: हवाई दल

"फुकटात वैमानिक" म्हणून ही सुचवली जाते. तसं डोक्यात असेल तर जाऊ नका. ही लढाऊ सेवेची निवड आहे, आणि नागरी विमानवाहतूक हा तिचा फार लांबचा मुक्काम. खडकवासल्याची एनडीए, पदवीनंतर सीडीएस किंवा एएफकॅट या प्रवेश परीक्षा, असे दरवाजे. एएफकॅटमधलं फ्लाइंग शाखेचं अल्प सेवा कमिशन १४ वर्षांचं. सेवा निवड मंडळात संगणकीकृत वैमानिक निवड चाचणी असते, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. एकदा नापास म्हणजे फ्लाइंग शाखेचा दरवाजा बंद. दहावीनंतर तयारी करायची असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था ही राज्य शासनाची चांगली सोय आहे.

टाइप रेटिंग कधी करावं

परवाना हातात आला आणि कुठूनच बोलावणं नाही, की घरात चर्चा सुरू होते: "एअरबस ए३२० चं रेटिंग करून टाकू का?" इंडिगो आणि एअर इंडियाकडे ए३२० कुटुंबातली विमानं मोठ्या संख्येने आहेत. अकासाकडे बोइंग ७३७ मॅक्स, एअर इंडिया एक्स्प्रेसकडे ७३७ आणि ए३२० दोन्ही, तर इंडिगोच्या छोट्या मार्गांवर एटीआर ७२. चुकीच्या विमानाचं रेटिंग म्हणजे वीस लाखांची भिंतीवर लावायची फ्रेम. नियम असा ठेवा: भरतीची जाहिरात प्रत्यक्ष निघालेली असेल आणि तिच्यात रेटिंग असलेले उमेदवार मागितले असतील, तरच स्वतःच्या खर्चाने करा. रेटिंग करून वर्षभर बसलात तर ते चालू ठेवण्यासाठी पुन्हा सिम्युलेटरचे पैसे, आणि मुलाखतीच्या दिवशी हात तर बसलेलेच नसतात.

त्याऐवजी प्रतीक्षेचा काळ दोन गोष्टींत घालवा. एअरलाइनच्या लेखी परीक्षेसाठी तांत्रिक विषय ताजे ठेवा, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, जे दर वर्षी नवं करावं लागतं, ते लॅप्स होऊ देऊ नका. शक्य असेल तर प्रशिक्षकाचं रेटिंग करून फ्लाइंग स्कूलमध्येच शिकवायला लागा. पगार कमी, पण तास वाढतात आणि हात चालू राहतो. पुढे कॅप्टनकीसाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याला १,५०० तास हवेतच.

पैसे देताना

संपूर्ण फी एकरकमी कधीच देऊ नका, सूट कितीही असो. हप्ते तासांना बांधून घ्या: सोलोपर्यंत (पहिल्या एकट्याने केलेल्या उड्डाणापर्यंत) एक, ५० तासांवर एक, १०० वर एक, असे. ज्या संस्थेला हे मान्य नाही तिला तुमच्या पुढच्या हप्त्याची गरज उरलेली नसते, आणि मग विमान पुढच्या बॅचला जातं. करारात लिहून घ्या: ठरलेल्या तासांत चाचणी निघाली नाही तर जादा तासाचा दर काय (एक-इंजिनीचा आणि दोन-इंजिनीचा वेगवेगळा), फी वाढली तर जुन्या विद्यार्थ्यांना ती लागू का, आणि संस्थेची मान्यता निलंबित झाली किंवा ताफा बंद पडला तर न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत. अंदाजपत्रकात वर दहा टक्के जादा तासांसाठी आणि सहा महिन्यांचा राहण्याचा खर्च उशिरासाठी धरा. पत्रकावर वस्तू-सेवा कर लावलेला दिसला तर कशावर ते विचारा. डीजीसीएमान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमाला करमाफी असल्याचा खुलासा केंद्राने २०२४ मध्ये केला आहे. वसतिगृह, गणवेश यांची गोष्ट वेगळी.

बँकेचं कर्ज असेल तर हप्त्याची सुरुवात "अभ्यासक्रम संपल्यावर" अशी असते, आणि बँक ती तारीख संस्थेच्या पत्रावरून धरते. पत्रात १८ महिने लिहिलेले आणि प्रत्यक्षात ३० लागले, तर शेवटचं वर्ष तुम्ही उडताय आणि बाबा हप्ता भरतायत. बँकेला द्यायच्या पत्रात खरा, लांबचा कालावधी लिहून घ्या.

आणि संस्था सोडण्याच्या दिवशी, सामान बांधण्याआधी: लॉगबुकच्या प्रत्येक पानाची बेरीज मुख्य प्रशिक्षकाच्या सही-शिक्क्यासह, ईजीसीएवरच्या इलेक्ट्रॉनिक लॉगबुकातल्या नोंदी संस्थेकडून मंजूर झालेल्या, चाचण्यांचे मूळ अहवाल, उड्डाण मंजुरीची पुस्तिका, आणि या सगळ्याच्या रंगीत स्कॅन प्रती दोन ठिकाणी. अडीचशे नोंदींपैकी एकीवर सही राहिली आणि तो प्रशिक्षक दुसऱ्या राज्यात गेला, की त्या एका सहीसाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागतं.